नवें हब बसवितांना

विद्यार्थिमित्रांपैकीं कित्येकांच्या घरीं हल्लीं असे दिवे आहेत कीं, जे भिंतीवरील बटनास हात न लावितां लागतात व विझतात. दार उघडतांच ओसरीवरचा दिवा लागावा, टाकी भरतांच पाण्याचा पंप बंद व्हावा, अशी योजना ज्या घरांत केलेली असते त्यास स्मार्ट घर म्हणतात. या सर्व उपकरणांस एकत्र बांधणारी, तळहाताएवढी एक पेटी घरांत कोठें तरी कपाटावर पडलेली असते. तिला हब हें नांव आहे. ही पेटी बदलण्याचा प्रसंग गेल्या वर्षीं आमच्या घरीं आला. वरवर पाहतां हें काम जुना पंखा काढून नवा टांगण्यासारखें वाटतें. तें तसें नाहीं, हें आम्हांस एका रात्रीं कळलें. ती हकीकत पुढें येईलच.

आमच्या घरांत या योजनेची खरी गरज एकाच व्यक्तीस आहे. मातोश्रींचें वय ७८ असून त्यांची दृष्टि मंद आहे. रात्रीं त्यांनीं पलंगाखालीं पाय टेकला कीं तेथील सेन्सर हालचाल ओळखतो, आणि खोलीपासून न्हाणीघरापर्यंतचे तीन दिवे मंद प्रकाशानें लागतात. पूर्वीं एकदां त्या अंधारांत पडल्या होत्या, तेव्हांपासूनची ही व्यवस्था. बाकीचे दिवे चार दिवस न लागले तरी चालेल, परंतु हे तीन एक रात्रही बंद राहतां कामा नयेत, अशी अट आम्हीं आरंभींच घालून घेतली होती.

मग चालतें हब बदलावें कशास? कारण एवढेंच कीं, तें तयार करणाऱ्या कंपनीनें आपला सर्व्हर अमुक तारखेनंतर बंद होणार असल्याचें आम्हांस कळविलें. शेजारच्या खोलींतील दिवा लावण्यास परदेशांतील सर्व्हरची परवानगी लागावी, हें ऐकून पालकांस हंसूं येईल. परंतु पुष्कळ हबांची घडणच अशी असते. सेन्सरनें दिलेली वर्दी घराबाहेर जाते, निर्णय तेथें होतो, आणि हुकूम परत येतो. सर्व्हर मिटला कीं पेटी मुकी. असे प्रसंग पूर्वींही घडले आहेत. अमेरिकेंत रिव्हॉल्व्ह नांवाचें सुमारें ३०० डॉलर किंमतीचें हब मिळत असे. ती कंपनी २०१४ सालीं नेस्टनें विकत घेतली, आणि १५ मे २०१६ रोजीं तिची सेवा बंद केली. लोकांच्या घरांतील धडधाकट पेट्या त्या दिवसापासून निरुपयोगी झाल्या. एप्रिल २०२२ मध्यें इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर असेच अकस्मात् बंद पडले. पुढें त्याच वर्षीं तिच्याच कांहीं ग्राहकांनीं ती कंपनी घेऊन ते पुनः सुरू केले. पण सर्वांचें नशीब एवढें बलवत्तर नसतें.

आम्हीं नव्या हबासाठीं होम असिस्टंट ही प्रणाली निवडली. पॉलस शाउट्सेन यांनीं ती २०१३ सालीं लिहावयास घेतली. तिची संहिता सर्वांस खुली आहे, व २०२४ पासून ती ओपन होम फाउंडेशन या स्वित्झर्लंडमधील संस्थेच्या स्वाधीन आहे. रास्पबेरी पाय नामक लहानशा संगणकावर ती चालते आणि निर्णय घरांतल्या घरांतच होतो. पैसे देऊन आयती पेटी घेणें अधिक सोपें होतें हें कबूल केलें पाहिजे. पण एकदां पोळल्यावर आम्हांस तो मार्ग नको वाटला.

आतां विद्यार्थ्यांनीं लक्षपूर्वक वाचावयाचा भाग येतो. आमचीं बहुतेक उपकरणें झिगबी पद्धतीनें बोलतात. मधमाशी फुलांचा पत्ता आपल्या पोळ्यांतील सोबतिणींस नागमोडी नाचून सांगते, त्यावरून हें नांव पडलें असें म्हणतात. हें बोलणें २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींवर चालतें व त्यास १२८ बिटांची एक गुप्त किल्ली असते. २ चा १२८ वा घात काढून पाहिल्यास ३९ अंकी संख्या येते. इतक्या किल्ल्यांतून नेमकी एक हुडकणें कोणासही शक्य नाहीं. ही किल्ली हबाजवळ असते व त्याच्या परिवारांतील प्रत्येक उपकरणास तो ती देतो. म्हणून नवें हब शेजारीं आणून ठेविलें तरी जुना दिवा त्याचें एक अक्षरही समजत नाहीं. कांहीं हबांतून ही किल्ली काढून नव्यांत भरतां येते, आणि मग कोणत्याही उपकरणास हात लावावा लागत नाहीं. आमचें जुनें हब मात्र आपली किल्ली देण्यास तयार नव्हतें. अर्थात् प्रत्येक उपकरणास पूर्वीचें सर्व विसरावयास लावून त्याचा नव्या घरीं प्रवेश करविणें एवढाच उपाय उरला.

जुन्या हबांतील नियमही आयते नेतां येत नव्हते. तेव्हां नववींत असलेल्या आमच्या चिरंजीवांनीं एक वही घातली आणि ‘जर’ व ‘तर’ असे दोन रकाने पाडून सर्व नियम उतरून काढिले. ते २३ भरले. त्यांपैकीं कित्येकांचें कारण कोणासच आठवेना! दर गुरुवारीं सायंकाळीं ४ वाजतां सज्जांतील दिवा एक मिनिट लागे, तो कशासाठीं? आम्ही तो नियम खोडणार, तोंच मातोश्री म्हणाल्या, “अरे, ती माझ्या आठवड्याच्या गोळीची खूण.” यंत्रांत नियम असतो, त्याचें कारण नसतें. मग वहींत ‘कां?’ असा तिसरा रकाना पाडला, आणि तो भरण्यासच सर्वांत अधिक वेळ लागला.

एवढी तयारी करूनही आम्ही फसलों. पहिल्या दिवशीं अगदीं क्षुल्लक उपकरणापासून आरंभ करावा, म्हणजे चुकलें तरी नुकसान नाहीं, असा शहाणपणा आम्हीं केला. बोळांतील एका प्लगवर डास पळविण्याचें यंत्र लावलेलें असे. तो प्लग नव्या हबाकडे नेला. तो तात्काळ रुजू झाला व आम्ही समाधानानें झोंपलों. पहाटे पावणेतीनच्या सुमारास मातोश्री उठल्या. दिवा लागला नाहीं. आतां लागेल, मग लागेल म्हणून त्या भिंतीस हात टेकून अंधारांत कांहीं वेळ उभ्या राहिल्या, आणि मग त्यांनीं हाक मारली, “अरे, दिवा लागत नाहीं रे.” त्या पडल्या नाहींत, परंतु ती हाक आम्ही अद्यापि विसरलों नाहीं.

कारण दुसऱ्या दिवशीं उमगलें. आग लागली असतां विहिरीपासून घरापर्यंत माणसांची रांग लावून बादल्या हातोहात पोंचवितात, त्याप्रमाणें झिगबींत घरच्या विजेवर सतत चालणारे दिवे व प्लग एकमेकांचे निरोप पुढें पोंचवितात. बॅटरीवर चालणारा सेन्सर हें काम करीत नाहीं. बॅटरी पुरावी म्हणून तो बहुतेक वेळ निजलेला असतो, आणि आपला निरोप जवळच्या एखाद्या दिव्याच्या किंवा प्लगच्या हवालीं करितो. पलंगाखालचा सेन्सर आपली वर्दी त्या डासांच्या प्लगमार्फत देत असे. आम्हीं रांगेंतला मधला माणूसच उचलून नेला, आणि जाड भिंतींपलीकडील जुन्या हबापर्यंत सेन्सरचा आवाज पोंचेना. असे सेन्सर पुष्कळदां दुसरी वाट शोधून घेतात. आमच्यानें ती घेतली नाहीं. वहींत त्या प्लगचें महत्त्व शून्य लिहिलें होतें!

मग वहींत चवथा रकाना पडला: ‘कोण कोणामार्फत बोलतो’. मातोश्रींसाठीं त्या रात्रीं बोळांतील एक साधा दिवा बटनानेंच रात्रभर लावून ठेविला, आणि पुढील रविवारीं सकाळीं ती सबंध सांखळी, म्हणजे प्लग, तीन दिवे व सेन्सर, एका बैठकींत हलविली. क्रम असा ठेविला कीं, हबाच्या निकटचें विजेवरील उपकरण प्रथम, मग त्याच्या पलीकडचें, आणि बॅटरीचे सेन्सर अखेरीस. प्रत्येक उपकरण त्याच्या नेहमींच्या जागींच जोडलें; टेबलाजवळ आणून जोडिलें असतें तर जागेवर नेल्यावर त्याची वाट चुकण्याचा संभव होता. नांवें जुनींच दिलीं, म्हणजे वहींतील नियम तसेच लिहितां आले. नव्या हबाचा रेडिओ संगणकास अगदीं चिकटून बसविला होता, तेव्हां निरोप गळत. यूएसबी ३ च्या जोडणींतून २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट होतो, हें त्याचें कारण. मीटरभर वायर लावून तो दूर नेल्यावर तें थांबलें.

जातां जातां एक सूचना. परदेशस्थ आप्त प्रेमानें अशीं उपकरणें आणतात, त्यांतील झेड-वेव्ह पद्धतीचीं पारखून घ्यावीं. अमेरिकेंतील झेड-वेव्ह सुमारें ९०८ मेगाहर्ट्झवर, युरोपांतील ८६८ वर, आणि हिंदुस्थानांतील ८६५ वर बोलतें. तिकडचा प्लग येथील हबास ऐकूंच येत नाहीं. उलटपक्षीं २०२२ च्या ऑक्टोबरांत प्रसिद्ध झालेल्या मॅटर या पद्धतीचें उपकरण एकाच वेळीं दोन हबांचें ऐकूं शकतें, म्हणून स्थलांतराच्या दृष्टीनें तें सोयीचें.

एक खोडी पावसाळ्यांत उघडकीस आली. आमच्या रास्पबेरी पायमध्यें बॅटरीवर चालणारें घड्याळ नाहीं; वेळ तो इंटरनेटवरून घेतो. वीज तास दोन तास जाऊन आली व इंटरनेट उशिरा आलें, तर तो मध्यंतरींचा काळ विसरून मागील वेळेपासूनच मोजूं लागतो. मातोश्रींच्या दिव्यांचा नियम रात्रीं १० ते सकाळीं ६ असा होता. तो बदलून ‘खोलींत काळोख असेल तर’ असा केला, कारण उजेड मोजण्याची सोय त्या सेन्सरमध्यें आधींचीच होती. हब इन्व्हर्टरवर घेतलें. त्यानंतर एके दिवशीं मुद्दाम मेन स्विच पाडून, इन्व्हर्टरही बंद करून, सर्व पुनः सुरू होण्यास किती वेळ लागतो तें चिरंजीवांनीं घड्याळ लावून पाहिलें. तीन मिनिटें लागलीं. तेवढ्या वेळासाठीं पलंगाशेजारच्या भिंतीवर, हातास सहज लागेल असें एक साधें बटन वायरमनकडून बसवून घेतलें आहे.