भुकेची आठवण

दुष्काळ म्हणजे काय, हे नांदेड-लातूरकडच्या मुलांना निराळे सांगावयास नको. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. परंतु दीडशे वर्षांपूर्वी मदत वेळेवर येईलच, असा भरवसा नसे. माणसे गाव सोडून निघत आणि वाटेतच प्राण सोडत.

अशाच एका दुष्काळात रमाबाई डोंगरे यांचे वडील, आई आणि थोरली बहीण थोड्याच महिन्यांच्या अंतराने मरण पावली. रानातील पाने खाऊन या कुटुंबाने दिवस काढले होते. उरलेली दोघे भावंडे पायी देशभर हिंडली. आईने शिकविलेले संस्कृत एवढेच रमाबाईंचे धन होते. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. पण दुःखाने पाठ सोडली नाही. १८८० मध्ये भाऊ वारला, १८८२ मध्ये पती. पदरी लहानगी मनोरमा होती.

पुढे रमाबाई इंग्लंडला गेल्या. तेथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. दुसऱ्यांसाठी क्रूस सोसणाऱ्या येशूची शिकवण त्यांना त्या सेवेत दिसली. १८८३ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदासदन’ काढले. ते पुढे पुण्यास नेले. तेथे मुलींना ख्रिस्ती करतात, असा आरोप होऊन १८९३ मध्ये अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. तरीही रमाबाईंनी काम सोडले नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तेथे गेल्या. अस्थिपंजर झालेल्या मुली पाहून त्यांना आपलेच जुने दिवस आठवले. त्यांनी सुमारे ३०० मुलींना आश्रय दिला. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे ‘मुक्तिसदन’ उभे राहिले. मुली तेथे लिहावाचावयास शिकल्या. शेती, विणकाम आणि छापखान्याचे कामही शिकल्या.

साध्या बायकांना कळेल असे मराठी बायबल असावे, म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषा शिकल्या आणि अनेक वर्षे भाषांतर करीत राहिल्या. त्याचे खिळे मुक्तिसदनातील मुलींनीच जुळविले. १९२१ मध्ये मनोरमा वारली. तो घावही सोसून रमाबाईंनी काम चालू ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

भूक सोसलेली माणसे पुष्कळ असतात. आपले पोट भरल्यावरही ती भूक न विसरणारे थोडे. रमाबाई त्या थोड्यांपैकी होत्या.

स्वाध्याय
१. मध्य प्रांतातील मुली पाहून रमाबाईंना काय आठवले?
२. रमाबाई उतारवयात नव्या भाषा का शिकल्या?
३. तुमच्या गावी पाणीटंचाईत एकमेकांना मदत करणाऱ्यांविषयी आजीआजोबांना विचारा व पाच वाक्ये लिहा.