हात लांब करण्याआधी

आमच्या मुलीला तान्हेपणी उजव्या खांद्याच्या सांध्यात पू झाला. जीव वाचला, पण दंडाच्या हाडाची वरची वाढपट्टी कायमची खराब झाली. त्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ याच पट्टीतून होते. मुलगी मोठी होत गेली तसा उजवा दंड मागे पडत गेला, आणि शेवटी शस्त्रक्रिया करून तो वाढवला. पनवेलमध्ये अशा मुलांचे आईवडील भेटले की मी त्यांना हे सांगते.

१. टेपने नव्हे, कामावरून ठरवा. पाय आखूड असला की चाल बिघडते, हाताचं तसं नसतं. दोन-तीन सेंटीमीटरचा फरक सहज अंगवळणी पडतो. आमच्या लेकीला स्वतःची वेणी घालता येईना, सायकलचं हँडल धरताना ती एका बाजूला कलायची, तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो. अकॉन्ड्रोप्लेझियामुळे हातपाय आखूड राहिलेल्या काही मुलांचा हात शौचानंतर धुण्यापुरताही पोचत नाही. त्यांच्यासाठी तर हा लाभ फार मोठा आहे. नुसतं दिसण्यासाठी मात्र मुलाला एवढं सोसायला लावू नये, असं मला ठामपणे वाटतं.

२. पद्धत समजून घ्या. सायबेरियातल्या कुर्गानमध्ये डॉ. इलिझारोव्ह यांनी १९५०च्या दशकात ती विकसित केली. हाड कापतात, त्यात तारा किंवा पिना घालून बाहेरून फिक्सेटर बसवतात. काही दिवस थांबून मग रोज एक मिलिमीटर ताण द्यायचा, तोही पाव-पाव मिलिमीटर करून चार वेळा. घाई केली तर मधली जागा हाडाने भरत नाही, फार रेंगाळलात तर ती वेळेआधीच जुळते. आपल्याकडे अकोल्याचे डॉ. मिलिंद चौधरी या कामासाठी ओळखले जातात. डॉक्टर कोणीही निवडा, पण ही शस्त्रक्रिया नेहमी करणारा निवडा.

३. नसेवर रोज लक्ष ठेवा. रेडियल नस दंडाच्या हाडाला वळसा घालून खाली उतरते, ताण तिलाही बसतो. आम्ही रोज मुलीला मनगट आणि अंगठा वर उचलायला लावायचो. एकदा हाताला मुंग्या आल्या म्हणाली. लगेच फोन केला, डॉक्टरांनी ताण काही दिवस थांबवला, मुंग्या गेल्या. सकाळपर्यंत वाट बघू, असं इथे चालत नाही.

४. दर सेंटीमीटरला साधारण एक महिना धरा. सहा सेंटीमीटरचा ताण दोन महिन्यांत संपतो, पण हाड पक्कं होईपर्यंत फिक्सेटर अंगावरच असतो. शक्य असेल तर पावसाळा टाळा. पनवेलच्या दमट हवेत पिनांभोवतीची जागा कोरडी ठेवताना आमचा जीव मेटाकुटीला आला. लाली, पू, वाढतं दुखणं दिसलं की त्याच दिवशी दाखवा. फ्रॉकची बाही उसवून तिला प्रेस बटणं लावून घ्या.

५. कोपर आखडू देऊ नका. हात लांब झाला आणि घास तोंडापर्यंत जाईना, तर काय उपयोग? मूल रडलं तरी फिजिओथेरपी चुकवायची नाही. मला सगळ्यात जड गेलं ते हेच.

६. फिक्सेटर निघाल्यावरही नवं हाड मोडू शकतं. डॉक्टर सांगतील तोवर ब्रेस, आणि कबड्डी बंद.

७. वयाचं आधीच विचारा. खराब पट्टी पुन्हा वाढत नाही, दुसरा हात मात्र वाढत राहतो. लहानपणी केलं तर फरक पुन्हा पडतो. आमच्या मुलीचा डावा हात अजून थोडा वाढेल. पुन्हा करायचं का, हे आता तीच ठरवणार आहे.