मेणाच्या थेंबाला कवच चढते कसे?

प्रश्न : मेण वितळताना उष्णता साठवते, हे समजले. पण त्याचे नॅनोकण करून कवचात भरतात म्हणे. एवढ्याशा कवचात मेण भरतात कसे आणि कशासाठी?

उत्तर : ‘भरतात’ या शब्दानेच घोटाळा होतो. मोदकाची आधी पारी, मग सारण, असे इथे नसते. दोन्ही एकत्र कालवायचे आणि पारीने आपणहून बाहेर यायचे!

ऑक्टाडेकेन नावाचे मेण घेऊ. ते २८ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. आपल्याकडे मे महिन्यात बाटलीत पातळच असते. एक किलो वितळायला साधारण २४० किलोज्यूल लागतात. तेवढ्या उष्णतेत तेच पातळ मेण शंभरावर अंशांनी तापले असते.

या पातळ मेणात अ‍ॅक्रिलिकचा कच्चा माल, म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट, मिसळतात. ते मेणात छान विरघळते. मग साबणासारखे द्रव्य घातलेल्या कोमट पाण्यात हे मिश्रण ओतून अल्ट्रासाउंडची दांडी बुडवतात. काही मिनिटांत पाणी दुधासारखे पांढरे होते, थेंब काही शे नॅनोमीटरचे. पुढे चालना देणारे रसायन घालून ७० अंशांच्या आसपास काही तास ढवळत ठेवले, की रेणूला रेणू जोडून साखळ्या होतात. सुटे रेणू मेणाला चालत होते, लांब साखळ्या चालत नाहीत. पाण्याशी त्यांचे त्यातल्या त्यात बरे जमते, म्हणून त्या थेंबाच्या कडेला सरकतात. तेच कवच.

आता कशासाठी? मेण उष्णता फार सावकाश वाहून नेते. मोठ्या डब्यात कडेचा थर आधी थिजतो आणि आतली उष्णता अडवून बसतो. एक सेंटिमीटरचा ठोकळा १०० नॅनोमीटरच्या ठोकळ्यांत कापला, तर पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटरचा ६० चौरस मीटर होतो. शिवाय हे कण पाण्याबरोबर नळीतून वाहतात आणि मेण वितळले तरी एकमेकांना चिकटत नाहीत. नुसती टाकी भरायची असेल, तर मात्र माझ्या मते एवढा खटाटोप नको, साधे डबे पुरतात.

एक खोड आहे. थिजायला सुरुवात करून देणारा कण लागतो. मोठ्या भांड्यात असा एखादा कचरा पुरतो, इथे प्रत्येक थेंब एकटा. त्यामुळे २८च्या बरेच खाली जाऊनही मेण पातळच राहते, साठवलेली उष्णता काही सोडत नाही. मग त्यात आधी थिजणारे दुसरे मेण थोडे मिसळतात. तेवढी साठवण कमी होते, पण थिजण्याची वेळ चुकत नाही.