चेहरा रंगवायला सांगू नकोस

वसमत

सोनू,

तुझ्या पोरांच्या हलत्या खोक्यांचा व्हिडिओ पाहिला. राग, भीती, आनंद यंत्रातून दाखवा, असं सातवीला सांगायचं झेडपीच्या शाळेत तुलाच सुचावं! आता म्हणतेस, नुसतं 'छान' म्हणवत नाही आणि चुका काढल्या की पोरं हिरमुसतात.

माझ्या हातून झालेली चूक ऐक. एका पोराने बुटाच्या खोक्यात सायकलचा आरा वाकवून दांडा केला होता. त्यावर जुन्या चपलेची चकती, शंखासारखी कापलेली. दांडा फिरवला की चकतीवर टेकलेली काडी हळूहळू वर चढायची, वरचं चिंधीचं डोकं खोक्यातून डोकावायचं आणि कडा आली की टपकन खाली. नाव दिलं होतं 'वाट बघणं'. त्याचे आईवडील तेव्हा ऊसतोडीला गेलेले. मी शहाणा त्याला म्हणालो, डोक्याला रडका चेहरा रंगव, म्हणजे लोकांना कळेल. त्याने रंगवला. प्रदर्शनात सगळ्यांनी चेहरा बघितला, दांडा कुणी फिरवलाच नाही.

अगं, पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्यांचा चेहरा एकदाच रंगवलेला असतो. दुःख दिसतं ते दोरी सैल सोडून मान किती सावकाश खाली आणली त्यात. आपल्या पोराचं तर सगळं त्या कडेत होतं. तीच चकती गोल कापून भोक जरा बाजूला पाडलं असतं, तर डोकं सारखं वरखाली झालं असतं, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं.

म्हणून आधी खोकं चालू दे. कुणी बोलायचं नाही, करणाऱ्यानेही नाही. मग बाकीच्यांनी फक्त काय दिसलं ते सांगायचं: चढलं, थांबलं, पडलं. भावनेचं नाव मागाहून. करणाऱ्याने राग दाखवला आणि वर्गाला भीती दिसली, तर फसलं म्हणू नकोस; वेग बदलू, की थांबा वाढवू, हे त्यालाच विचार. एका वेळी एकच बदल.

तुझ्या व्हिडिओतल्या लाल खोक्यावालीला मात्र स्पष्ट सांग. तिचा राग तिच्या मनगटात आहे, खोक्यात नाही. दांडा तीच गरागरा फिरवतेय. मैत्रिणीला सावकाश फिरवू दे, मग बघा.

अरविंद गुप्तांनी १९७८ च्या सुमारास होशंगाबादेत काड्यापेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबने जोडून खेळणी केली. ती ट्यूब तुलाही सांधे जोडायला चालेल. पण त्या खेळण्यांत त्रिकोण हलत नाही, चौकोन हलतो, एवढं दिसलं की झालं. तुझ्याकडे असं एकच उत्तर नाही, म्हणून तू अडखळतेस. अडखळ की! आणि दांडा अडकला तर खोकं स्वतःच्या हातात घेऊ नकोस. रिफिलच्या नळीचा तुकडा पुढे कर, बास.

निळ्या खोक्याचा व्हिडिओ पुन्हा पाठव. मध्येच तुटलाय. ते डोकं थांबलं होतं की अडकलं, ते कळलं नाही.

तुझा,
मामा