सदोष वाहने आणि ग्राहकाचा हक्क

वाहन ही आज केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. आपल्या अनेक सभासदांच्या घरची चूल रिक्षा, टॅक्सी वा टेम्पोवर पेटते. बँकेत आम्ही रोज अशा वाहनांचे चासी क्रमांक कर्जाच्या अर्जात उतरवून घेतो. त्या सतरा अक्षर-अंकांचा आणखी एक उपयोग आहे, हे आम्हांलाही फार उशिरा कळले.

आमच्या वसाहतीतील एका तरुणाने कर्ज काढून जुनी मोटार घेतली व भाड्याने चालवू लागला. पावसाळ्यात ती भर रस्त्यात बंद पडू लागली. गॅरेजवाल्याने दोनदा सुटे भाग बदलले, दोनदा पैसे घेतले. इकडे हप्ते थकले. पुढे समजले की, कंपनीने त्याच दोषासाठी त्या गाड्या पूर्वीच परत मागवल्या होत्या. पत्र गेले होते पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. त्याने ते फाडले की कपाटात ठेवले, कोण जाणे!

परत मागवणे, म्हणजेच 'रिकॉल', याचा अर्थ गाडी काढून घेणे असा नव्हे. ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांतील एखादा भाग सदोष निघाला, तर कंपनी त्या गाड्या अधिकृत सेवा केंद्रात बोलावते व तो भाग मोफत बदलून देते. ही सोय चासी क्रमांकावर ठरते. मालक पहिला की तिसरा, याला महत्त्व नसते.

सप्टेंबर २०२१ मध्ये मारुती सुझुकीने एर्टिगा, सियाझ, व्हिटारा ब्रेझा इत्यादी १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिटच्या तपासणीसाठी परत मागवल्या. त्या ४ मे २०१८ ते २७ ऑक्टोबर २०२० या काळात बनलेल्या होत्या. भाग बदलेपर्यंत साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नये, असे कंपनीने कळवले होते. (मुंबईच्या चालकाने हे कसे साधावे, हा प्रश्न वेगळाच!) जानेवारी २०२३ मध्ये त्याच कंपनीने एअरबॅगच्या नियंत्रकासाठी १७,३६२ गाड्या बोलावल्या. त्या वेळी तर, भाग बदलेपर्यंत संशयित गाडी चालवूच नका, असा सल्ला होता. रोजच्या कमाईवर जगणाऱ्याने असे पत्र मिळताच त्याच दिवशी केंद्र गाठावे, हे उत्तम.

पूर्वी हे सारे कंपन्यांच्या मर्जीवर होते. २०१२ साली वाहन उत्पादकांच्या संघटनेने आचारसंहिता केली, तीही ऐच्छिकच. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. सात वर्षांच्या आतील वाहनांत सुरक्षेला धोका आणणारा दोष असेल, तर केंद्र सरकार कंपनीस ती परत मागवण्याचा आदेश देऊ शकते. दंड एक कोटी रुपयांपर्यंत आहे. वाहनधारकांच्या ठरावीक प्रमाणात नोंदल्या गेलेल्या तक्रारी हा अशा आदेशाचा एक आधार असतो. परिवहन खात्याच्या 'वाहन' संकेतस्थळावर त्याची सोय आहे. चहाच्या टपरीवर केलेली तक्रार त्यात मोजली जात नाही.

जुनी गाडी घेताना पैसे देण्यापूर्वीच आर.सी. बुकावरील चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर वा अधिकृत केंद्रात तपासून घ्यावा. गाडी नावावर झाली की नवा पत्ता कंपनीसही कळवावा. केंद्रात गेल्यावर जॉब कार्डावर 'रिकॉल' असे लिहून घ्यावे आणि न सांगितलेली कामे बिलात आल्यास सही करू नये. टाळाटाळ झाल्यास दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तेथे शुल्क नाही.

त्या तरुणास घेऊन आम्ही स्वतः केंद्रात गेलो. क्रमांक यादीत सापडला, भाग मोफत बदलून मिळाला. गॅरेजला दिलेल्या पैशांसाठी अर्ज लिहायला बसलो, तेव्हा त्याच्याकडे एकही पावती नव्हती.