घरदुरुस्ती आणि भाडेकरूचा हक्क

रोहिणी नक्षत्र जवळ आले की जुन्या चाळींतील भाडेकरूंचे लक्ष छपराकडे जाते. कौले फुटलेली, वासे कुजलेले; घरमालक मात्र तुटपुंज्या भाड्याकडे बोट दाखवून दुरुस्ती टाळतो. अशा वेळी कित्येक भाडेकरू रागाने भाडेच थांबवितात. हा उपाय अंगलट येण्याचाच संभव अधिक. कारण थकबाकीच्या लेखी मागणीनंतर ९० दिवसांत ती न भरल्यास घरमालकाला कब्जासाठी दावा दाखल करता येतो.

कायद्याने दिलेला मार्ग निराळा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ अन्वये, विरुद्ध करार नसेल तर, जागा सुस्थितीत व राहण्यायोग्य ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. नोटीस पोचल्यापासून १५ दिवसांत त्याने दुरुस्ती न केल्यास भाडेकरूला, किंवा अनेकांना मिळून, ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. हिशेब व पावत्या हा त्या खर्चाचा निर्णायक पुरावा. तेव्हा गवंड्याची चिठ्ठीसुद्धा जपून ठेवावी.

मर्यादा मात्र मोठी आहे. एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक रक्कम वळती करता येत नाही. मासिक भाडे ३०० रुपये असल्यास वर्षाकाठी ९०० रुपयेच सुटतात. छपरावर ४,५०० रुपये खर्चिले तर, व्याज सोडले तरी, फेड होण्यास पाच वर्षे लागतील. उरलेले भाडे वेळेवर भरलेच पाहिजे.

हा अधिनियम त्याच्या अनुसूचींत नमूद केलेल्या क्षेत्रांपुरताच असल्याने पंचायत सदस्यांनी आपले क्षेत्र त्यांत आहे काय, हे प्रथम पाहावे. नोटीस टपालाने, पोच मिळेल अशा रीतीने आणि वैशाखातच पाठवावी.