वजन उचलताना कमरेस होणारी इजा : शुश्रूषा व प्रतिबंध

सुगीच्या दिवसांत धान्याचे पोते पाठीवर घेणारा शेतकरी, बाजाराच्या आवारातील हमाल आणि व्यायामशाळेत लोखंडी बार उचलणारा तरुण यांचे उद्योग निरनिराळे असले, तरी त्यांच्या कमरेस होणारी इजा बहुधा एकाच प्रकारची असते. सीमाभागातील जत्रांतून दगडी गुंड व वाळूची पोती उचलण्याच्या शर्यती होतात. कन्नड भाषिक गावांत अशा दगडास ‘संग्राणी कल्लु’ म्हणतात. या शर्यतींत भाग घेणाऱ्यांपैकी कित्येकांना वर्षातून एकदा तरी ‘उसण’ भरलेली असते. ती चार-सहा दिवसांत उतरली की इजा बरी झाली असे समजण्यात येते आणि पुन्हा तेवढेच वजन उचलले जाते. पुढील सारा बिघाड बहुतेक वेळा या एका समजुतीतून उद्भवतो. वेदना थांबणे आणि इजा झालेल्या भागास पूर्वीचे बळ येणे या दोन वेगळ्या गोष्टी असून, त्यांच्यामध्ये अनेक आठवड्यांचे अंतर असू शकते.

कमरेवर एवढा ताण का पडतो, हे तरफेच्या साध्या नियमाने समजते. कण्याच्या मागील स्नायू मणक्यांमधील चकतीच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटर अंतरावरून ओढ घेतात. २० किलोचे ओझे चकतीच्या पुढे ४० सेंटिमीटर अंतरावर धरल्यास, ते तोलून धरण्यासाठी या स्नायूंना १६० किलो वजनाइतका जोर लावावा लागतो. यात वाकलेल्या धडाचे स्वतःचे वजन धरलेलेच नाही. तेच ओझे अंगाशी घेऊन अंतर २० सेंटिमीटरवर आणले, तर हा जोर निम्मा होतो. शाळेत तरफेचा पाठ शिकविताना शिक्षकांनी हे उदाहरण अवश्य घ्यावे. कात्री व अडकित्ता यांच्यापेक्षा ते मुलांच्या अधिक ध्यानात राहील. स्वीडनमधील शल्यतज्ज्ञ आल्फ नाखेमसन यांनी १९६० नंतरच्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून आतील दाब मोजला. ताठ उभे राहण्यापेक्षा पुढे वाकून बसल्यास हा दाब वाढतो, आणि त्याच स्थितीत हातात वजन घेतल्यास तो आणखी वाढतो, असे त्यांना आढळले.

दुसरी एक बाब फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. रात्रभर आडवे पडल्यावर चकत्या पाणी शोषून फुगतात. त्यामुळे मनुष्य सकाळी संध्याकाळपेक्षा एक ते दोन सेंटिमीटरने उंच असतो. फुगलेली चकती वाकताना अधिक ताणली जाते. म्हणून पहाटे उठल्याबरोबर खाली वाकून जड वजन उचलणे धोक्याचे होय. पहाटे तालमीत जाण्याची आपली रीत उत्तम आहे. मात्र पहिला तासभर चालणे, हलक्या बैठका व खांद्यांचे व्यायाम करून मगच वजनाकडे वळावे.

इजा झाल्यावर काय करावे, याविषयी गावोगावी अनेक समजुती आहेत. पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घेतल्याने उसण उतरते, ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. उसण बहुधा काही दिवसांत आपोआपच कमी होत असल्याने त्याचे श्रेय पायाळू माणसास मिळते; परंतु चकती सरकलेली असल्यास अशा आघाताने अपाय होऊ शकतो. त्याच्या उलट टोकाची चूक सुशिक्षितांकडून होते. कंबर धरली की फळीवर आठ-पंधरा दिवस निजून राहण्याचा सल्ला पूर्वी डॉक्टरही देत असत. १९९५ साली फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या १८६ कर्मचाऱ्यांवर केलेल्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कंबरदुखी असलेल्या या कर्मचाऱ्यांपैकी काहींना दोन दिवस निजून राहण्यास, काहींना पाठीचे व्यायाम करण्यास, तर उरलेल्यांना झेपेल तितका नित्यव्यवहार चालू ठेवण्यास सांगण्यात आले होते. त्यांत नित्यव्यवहार चालू ठेवणारे सर्वांत लवकर बरे झाले व निजून राहिलेल्यांना सर्वाधिक वेळ लागला.

तेव्हा पहिले दोन-तीन दिवस वजन उचलणे व वाकणे टाळावे, शेक घ्यावा, आणि घरातल्या घरात अधूनमधून चालत राहावे. हलक्या हाताने तेल लावण्यास हरकत नाही. जोराने रगडणे मात्र नको. वेदनाशामक गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी, आणि गोळी घेऊन पुन्हा पोते उचलावयास जाऊ नये, कारण वेदनेचा इशाराच त्या वेळी बंद झालेला असतो.

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र घरी थांबू नये. लघवी अडणे किंवा लघवी-शौचावरील ताबा जाणे, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पायातील शक्ती कमी होऊन पाऊल घसटत चालणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास त्याच दिवशी शल्यचिकित्सेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. येथे तासांचा विलंबही कायमचे अपंगत्व आणू शकतो. कंबरदुखीबरोबर ताप असल्यास किंवा वजन घटत असल्यास क्षयाचीही तपासणी करून घ्यावी.

साधारणपणे दुसऱ्या आठवड्यापासून व्यायामास प्रारंभ करता येतो. आरंभी दिवसातून दोन-तीन वेळा दहा मिनिटे सपाट रस्त्यावर चालावे. नंतर बिनवजनाच्या अर्ध्या बैठका घ्याव्यात. त्यानंतर कमरेतून न वाकता खुब्यातून वाकण्याचा सराव करावा. यासाठी एक लाठी पाठीवर उभी धरावी. डोक्याचा मागील भाग, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड या तीन ठिकाणी ती टेकलेली असावी. गुडघे किंचित वाकवून नितंब मागे नेत पुढे झुकावे. झुकताना एकाही ठिकाणची लाठी सुटली, तर कणा वाकला असे समजावे. हा सराव निर्दोष झाल्यावाचून वजनास हात लावू नये. त्यानंतर हलके वजन घ्यावे, व आठवड्यास सुमारे दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये. आजच्या व्यायामाने झालेले दुखणे उद्या सकाळपर्यंत निवळले, तर मात्रा योग्य होती. न निवळल्यास मागील पायरीवर यावे.

मणिपूरच्या भारोत्तोलक मीराबाई चानू यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. एप्रिल २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी एकूण १९६ किलो वजन उचलून सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर कमरेच्या दुखण्यामुळे त्यांना त्याच वर्षीच्या जकार्ता आशियाई स्पर्धेस मुकावे लागले. फेब्रुवारी २०१९ मध्ये थायलंडमधील स्पर्धेत त्या उतरल्या तेव्हा त्यांनी १९२ किलो उचलले. म्हणजे इतक्या महिन्यांनंतर व तज्ज्ञांच्या देखरेखीखालीही त्या पूर्वीच्या आकड्यापेक्षा चार किलो मागेच होत्या. पुढे २०२० मध्ये अमेरिकेत उपचार घेताना शरीराच्या डाव्या व उजव्या बाजूंच्या स्नायूंतील असमतोल हे त्यांच्या त्रासाचे एक कारण असल्याचे दिसून आले व त्यावर व्यायाम देण्यात आले. एप्रिल २०२१ मध्ये ताश्कंद येथे त्यांनी क्लीन अँड जर्क प्रकारात ११९ किलोचा विश्वविक्रम केला, आणि जुलैमध्ये टोकियो येथे २०२ किलो उचलून ऑलिंपिक रौप्यपदक मिळविले. जो तरुण उसण उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी जत्रेतील दगडाला हात घालतो, त्याने हे महिने मोजून पाहावेत.

सर्वच इजा अशा रीतीने बऱ्या होत नाहीत. सांगलीचे संकेत सरगर यांना २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत दुसऱ्या क्लीन अँड जर्कच्या वेळी कोपरास दुखापत झाली. एकूण २४८ किलोवर त्यांना रौप्यपदक मिळाले. सुवर्णपदक अवघ्या एका किलोने हुकले. कोपर, खांदा वा गुडघा यांतून ‘कट्’ असा आवाज होऊन लगेच सूज आल्यास अस्थिबंध तुटला असण्याची शक्यता असते. तेथे हालचाल चालू ठेवण्याचा वरील नियम लागू पडत नाही. सांधा झोळीत किंवा फळीवर स्थिर ठेवून डॉक्टरांकडे जावे.

प्रतिबंधाच्या बाबतीत पट्ट्यावर फार भरवसा ठेवला जातो. पट्ट्याने पोट आवळल्यासारखे वाटते. परंतु त्यामुळे चुकीच्या रीतीने उचललेले वजन निर्धोक होत नाही. ओझे दोन पायांच्या मधे व अंगाशी घ्यावे, श्वास घेऊन पोट घट्ट करावे, आणि वळावयाचे असल्यास कंबर न पिळता पावले वळवावीत. पिळलेल्या कमरेने बाजूच्या गाडीत पोते टाकताना होणाऱ्या इजा पुष्कळ आहेत. रक्तदाब किंवा अंतर्गळ असलेल्यांनी श्वास रोखून वजन उचलू नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुष कामगाराने एकट्याने वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली असून, स्त्रिया व किशोरवयीन यांच्यासाठी ती पुष्कळच कमी असावी असे म्हटले आहे. १०० किलोचे पोते एकट्याच्या पाठीवर देणाऱ्या गोदामातील अधिकाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा. तसेच शाळेत बाके किंवा पाण्याची पिंपे हलवावयाची असल्यास दोन मुलांच्या जागी चार मुले लावावीत, आणि पिंप आधी रिकामे करावे.